सुशील स्त्रीचे काय करायचे?

आरंभीच्या अमेरिकन स्त्रीविषयी मराठी विद्यापीठीय समीक्षेत जे थोडेफार लिहिले जाते, त्यातील पात्रयादी केव्हाच ठरून गेलेली आहे. छातीवर लाल अक्षर वागवणारी हेस्टर प्रिन, धर्मगुरूंना तोंडावर उत्तरे देणारी आणि १६३७ मध्ये हद्दपारीची शिक्षा झालेली अ‍ॅन हचिन्सन, १६९२ मध्ये सेलम येथे चेटकीण ठरवून फासावर चढवलेल्या स्त्रिया. या यादीतून एक समीकरण निघते : स्त्री एक तर बंडखोर असते, नाहीतर बळी. यांतली हेस्टर तर १८५० मध्ये हॉथॉर्नने, म्हणजे एका पुरुष कादंबरीकाराने, दोनशे वर्षे मागे जाऊन कल्पिलेली आहे. तिला सतराव्या शतकातील स्त्रीच्या नीतिविश्वाचा पुरावा म्हणून उभे करताना कोणाचीही लेखणी अडखळत नाही.

या समीकरणाला सिद्धान्ताची प्रतिष्ठा आहे, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे. लॉरेल थॅचर उल्रिच या इतिहासकार विदुषीने १९७६ मध्ये न्यू इंग्लंडच्या धर्मोपदेशकांच्या स्त्रीविषयक लेखनावर एक निबंध लिहिला. सदाचरणी स्त्रियांची इतिहासात क्वचितच नोंद होते, असे एक विधान त्यात ओघात आले. विधान खंत व्यक्त करणारे होते आणि तिचा रोख इतिहासलेखनाकडे होता. पुढे ते सदऱ्यांवर आणि पेल्यांवर छापले गेले आणि त्याचा अर्थ झाला : इतिहासात यायचे असेल तर सदाचरण सोडा. इतिहासकारांविरुद्धची तक्रार अशा रीतीने सुशील स्त्रियांच्याच माथी मारली गेली. उल्रिच यांना २००७ मध्ये याच वाक्यावर एक पुस्तक लिहावे लागले. घोषणा बनवणाऱ्यांचे सोडून द्या. समीक्षकांनीही तोच अर्थ उचलावा, हे अधिक गंभीर आहे.

उल्रिच यांनी सुशील स्त्रीचे काय केले, हे १९९० मधील त्यांच्या ग्रंथात दिसते. मार्था बॅलर्ड ही केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावची सुईण. तिने १७८५ पासून १८१२ मध्ये मरेपर्यंत सत्तावीस वर्षे रोजनिशी लिहिली. त्यात दहा हजारांना थोड्याच कमी नोंदी आहेत आणि तिने केलेल्या ८१६ बाळंतपणांची दखल आहे. हवामान, नदीवरचा बर्फ, नवरा कुठे गेला, मुलींनी किती विणले, कोणाची फी आली. १८७० मध्ये ऑगस्टा शहराचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थला यातले फारच थोडे सर्वसामान्य वाचकाच्या कामाचे वाटले. एकोणिसाव्या शतकातील स्थानिक इतिहासकाराचे हे मत समजू शकते. पण ‘यात आत्मभान कुठे आहे?’ असे विचारणारी आजची समीक्षा त्याच नॉर्थच्या पंगतीत जाऊन बसते. आधुनिक परिभाषेमुळे तिला ते कळत नाही, इतकेच.

आत्मभान कुठे आहे ते पाहू. १७८९ च्या ऑगस्टमध्ये गावच्या धर्मोपदेशकाची पत्नी रिबेका फॉस्टर हिने न्यायाधीश जोसेफ नॉर्थ याच्याकडून झालेल्या अत्याचाराविषयी मार्थाजवळ सांगितले. मार्थाने तिला हे कोणाजवळही बोलू नको, तुझाच नाश होईल, असे विनवले. बंडखोरीची कसोटी लावणारा वाचक इथेच पुस्तक मिटेल : पितृसत्तेची अंकित झालेली स्त्री, निकाल लागला. पण खटला उभा राहिला तेव्हा, १७९० च्या जुलैमध्ये, हीच मार्था पॉनलबरोच्या न्यायालयात जाऊन साक्ष देती झाली. नॉर्थ निर्दोष सुटला. त्या निकालाचे आपल्या कानावर आलेल्या सर्वांना आश्चर्य वाटले, असे तिने नोंदवून ठेवले आणि पुढच्या बाळंतपणाला गेली. गप्प राहण्याचा सल्ला आणि न्यायालयातली साक्ष ही दोन्ही एकाच नीतिविश्वातून येतात. शेजारणीला धोका कशात आहे, हे जोखणे हे त्या नीतीचे एक अंग. शपथेवर विचारले असता खरे सांगणे हे दुसरे. त्यांत विसंगती दिसते ती, मुक्त बोलणे हेच एकमेव मूल्य मानणाऱ्याला.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. त्या काळच्या मॅसॅच्युसेट्समध्ये अविवाहित स्त्रीला प्रसूतिवेदना सुरू असताना सुईणीने बापाचे नाव विचारायचे, असा कायदेशीर रिवाज होता. फूकोच्या वाचनाने भारावलेला अभ्यासक येथे तत्काळ म्हणेल की, सुईण ही राज्ययंत्रणेची हस्तक होती आणि प्रसूतीची खोली हे चौकशीचे दालन. हे संपूर्ण खोटे नाही. पण वेदनांच्या वेळी उच्चारलेले नाव न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहत असे आणि त्याच्या बळावर ती स्त्री मुलाच्या पोषणाचा खर्च बापाकडून मागू शकत असे, हे या वाचनातून निसटते. १७९१ च्या ऑक्टोबरमध्ये सॅली पिअर्सने अशाच क्षणी जे नाव घेतले ते मार्थाच्या स्वतःच्या मुलाचे, जोनाथनचे होते. मार्थाने ते नोंदवले. चार महिन्यांनी, १७९२ च्या फेब्रुवारीत, दोघांचे लग्न झाले. त्या गावात ही घटना अपवादात्मकही नव्हती : १७८५ ते १७९७ या काळात मार्थाने केलेल्या पहिलटकरणींच्या बाळंतपणांपैकी सुमारे ३८ टक्के गर्भधारणा विवाहापूर्वीच्या होत्या, असे उल्रिच यांनी मोजले आहे. लाल अक्षराच्या कादंबरीवरून त्या समाजाचे चित्र रंगवणाऱ्यांनी हा आकडा तरी समोर ठेवावा. (अर्थात हॅलोवेल म्हणजे प्युरिटन बॉस्टन नव्हे, आणि दोहोंमध्ये दीड शतक गेले होते, पण ‘आरंभीची अमेरिका’ असा एकच डबा वापरणाऱ्यांना हा भेद एरवीही आठवत नाही.)

बंडखोरीची ही कसोटी किती अन्यायकारक ठरू शकते, ते फिलिस व्हीटलीच्या बाबतीत दिसते. गुलाम म्हणून आणलेल्या या मुलीचा काव्यसंग्रह १७७३ मध्ये लंडनला निघाला तेव्हा, कविता तिच्याच आहेत, अशी ग्वाही बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी द्यावी लागली. विसाव्या शतकात, विशेषतः साठच्या दशकानंतर, तिच्यावर आक्षेप आला तो उलट दिशेने : ती पुरेशी संतापलेली नाही. एकदा तिला लिहिता येते हे सिद्ध करायचे, मग तिला चीड येते हे सिद्ध करायचे. परीक्षक बदलले, परीक्षा संपली नाही.

रोजनिशी हे समाजशास्त्राचे साधन, साहित्याचा अभ्यासविषय नव्हे, हा आक्षेप उरतो. ‘लीळाचरित्रा’तील बारीकसारीक नोंदींना गद्याचा आरंभ मानणाऱ्या मराठीच्या अभ्यासकांनी तरी तो घेऊ नये. १७६९ मध्ये घटसर्पाच्या साथीत मार्थाच्या तीन मुली एकामागोमाग गेल्या. सतरा वर्षांनंतर, रोजच्या कामाच्या नोंदींमध्ये, त्यांतल्या एकीच्या मृत्यूला इतकी वर्षे झाली, एवढेच एका ओळीत येते. अलंकार नाही, विलाप नाही. ती ओळ वाचण्यासाठी आधीच्या शेकडो कोरड्या ओळी वाचलेल्या असाव्या लागतात. उताऱ्यांच्या संकलनातून तिचे वजन कळत नाही. ही वाचनपद्धतीची मागणी आहे आणि ती संहितेनेच केलेली आहे.

ती संहिता हाती आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १८८४ मध्ये ती मार्थाच्या खापरपणतीकडे, मेरी होबार्टकडे आली. ती स्वतः डॉक्टर होती. तिने ती १९३० मध्ये मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली, आणि संपूर्ण लिप्यंतर छापून निघायला १९९२ साल उजाडले.