क्लीन एनर्जी आणि मळीचं पाणी

गेल्या शनिवारी कोल्हापूरला होतो. मिसळ खाताना मित्राला सहज म्हटलं, "आमच्या ऑफिसात सध्या सगळ्यांना क्लीन एनर्जीत जायचंय. एकजण तर बेंगलोरला स्टार्टअप काढतोय." तो कट ओतून घेत म्हणाला, "मग मी काय करतोय लेका अकरा वर्षं?"

गडी आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रोसेस इंजिनियर आहे. आम्ही दोघं केमिकलचे, एकाच बेंचवरचे. कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली, मी पुण्याला पळालो, तो राहिला. तेव्हापासून ग्रुपात त्याची ओळख एवढीच : "तो होय, कारखान्यात आहे."

मंडळी, तुम्ही गाडीत भरता त्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सरकारचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडं ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. ते इथेनॉल कुठल्या ॲपमधून डाउनलोड होत नाही. मळी किंवा उसाचा रस यीस्टला खायला घालायचा, आंबलेलं उकळून अल्कोहोल वेगळं काढायचं. ९५-९६ टक्क्यांच्या पुढं नुसतं उकळून पाणी सुटत नाही, म्हणून वाफ मॉलिक्युलर सीव्हमधून न्यायची. त्याची छिद्रं इतकी बारीक, की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलचा बाहेर राहतो. कॉलेजात हे पाठ करून मी चांगले मार्क पाडले होते. असो.

भांडण आहे ते मागच्या दाराचं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. कॉफीच्या रंगाचा, ऊन ऊन, आणि नदीत गेला तर पाण्यातला ऑक्सिजन गिळणारा. नियम सांगतो, थेंबही बाहेर जाता कामा नये. म्हणून तो इव्हॅपोरेटरमध्ये आटवायचा आणि खास बॉयलरमध्ये जाळायचा. त्यात पोटॅश भरपूर, त्यामुळं बॉयलरच्या ट्यूबांवर राख चिकटते. इव्हॅपोरेटरच्या ट्यूबांत क्षार धरतात. ते साफ करायला प्लांट थांबवावा लागतो, आणि थांबवणं कुणालाच नको असतं.

एका रात्री असंच झालं. ट्यूबा चोंदल्या, स्पेंटवॉशची टाकी भरत आली, आणि वरून फोन, "डिस्टिलेशन चालू ठेव, टँकर उभे आहेत." ह्यानं फीड कमी केला. दोन दिवसांचं उत्पादन घटलं. बक्षीस काय, तर लेखी खुलासा द्या म्हणून पत्र, आणि त्या वर्षीची पगारवाढ अडकली. त्याच आठवड्यात मी एका बटणाचा रंग बदलला आणि 'स्टार परफॉर्मर' झालो. (सर्टिफिकेट अजून ड्रॉवरमध्ये आहे.)

पंचगंगेत मासे तरंगले की पेपरात फोटो येतो आणि आपण तो हळहळत फॉरवर्ड करतो. दोष एकट्या मळीचा नसतो, शहरांचं सांडपाणी आणि कापड प्रोसेसवाल्यांचं पाणीही त्यात असतं. पण इथेनॉल क्लीन आहे की नाही हे दिल्लीतल्या जाहिरातीत ठरत नाही. तिसऱ्या पाळीला टाकीची लेव्हल बघणाऱ्या माणसाला 'थांबवा' म्हणायचा अधिकार आहे की नाही, तिथं ते ठरतं. आणि त्याच्या सहीला आपल्याकडं किंमत शून्य.

"ऊस पाणी पितो, अन्नाचं इंधन करता," असं कोणीतरी म्हणणारच. पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे, अगदी सोळा आणे. धोरणाचा घोळही मान्य. २०१८ च्या धोरणानं रसापासून इथेनॉलला वाट दिली. मग ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळीत हंगामात, साखर कमी पडेल म्हणून रसाचा वापर बंद केला. आठवडाभरात थोडी ढील दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी उठवली. प्लांट म्हणजे काय लाइटचं बटण आहे? पण ही सगळी कारणं त्या खुर्चीत जाणकार माणूस हवा, असंच सांगतात. आपण मात्र छतावर चार पॅनेल लावून, गाडीला हिरवी नंबरप्लेट लावून मोकळे.

निघताना त्यानं विचारलं, "तुमच्याकडं काही ओपनिंग आहे का रे? टेस्टिंगमधलं पण चालेल." परवा रेझ्युमे आला. मी अजून एचआरला पाठवलेला नाही, आणि त्याला तसं सांगितलेलंही नाही.