मेंदूतल्या गुंत्यात ‘ग्लू’ भरता येतो, पण प्रत्येक वेळी भरावा का?

‘कवटी न उघडता मेंदूचं ऑपरेशन!’ असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून घातलेली बारीक नळी एक्स-रेच्या स्क्रीनवर थेट मेंदूत पोहोचते. दिसायला भारीच आहे. पण हा उपचार करावा की नाही, हा प्रश्न व्हिडिओत क्वचितच येतो.

आधी आजार समजून घेऊ. धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाताना त्याचा दाब उतरतो, मग ते शिरेत जातं. एव्हीएम, म्हणजे आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशनमध्ये, मधलं हे जाळंच नसतं. धमनीचा सगळा जोर गुंत्यातून थेट शिरेवर येतो. गुंता फुटला तर मेंदूत रक्तस्राव.

नळीतून या गुंत्यात भरतात ते ओनिक्स, एक द्रवरूप पॉलिमर. रक्ताला लागलं की ते लाव्हासारखं बाहेरून आत घट्ट होत जातं. त्यात टँटलम धातूची पूड असते, म्हणून ते एक्स-रेत दिसतं. खरी जोखीम इथेच आहे. गुंता पूर्ण भरण्याआधीच ते पुढे सरकून शीर बंद झाली, तर रक्त येतच राहतं आणि निचरा थांबतो. मग जो रक्तस्राव टाळायचा होता, तोच होऊ शकतो.

अरुबा नावाच्या चाचणीत ९ देशांतले, एव्हीएम न फुटलेले २२६ रुग्ण होते. काहींना फक्त औषधं, तर काहींना त्यासोबत नळीचा उपचार, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. २०१३ मध्ये नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवावं लागलं. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा स्ट्रोक औषधांच्या गटात १०.१ टक्के, उपचारांच्या गटात ३०.७ टक्के!

यावर टीकाही झाली आणि ती रास्त वाटते. तिन्ही उपचार एकाच पारड्यात तोलले गेले. शिवाय न फुटलेल्या एव्हीएमचा धोका ढोबळमानाने वर्षाला २ ते ४ टक्के असला, तरी पंचविशीतल्या मुलासमोर अशी पन्नास वर्षं असतात; ३३ महिन्यांत त्याचा हिशोब कसा लागणार? एकदा फुटलेल्या एव्हीएमचं गणित तर वेगळंच, कारण तो पुन्हा फुटण्याची शक्यता वाढलेली असते.

डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये एव्हीएम सापडला, तर डॉक्टरांना स्पेट्झलर-मार्टिन ग्रेड विचारा. आकार, जागा आणि शिरांचा निचरा पाहून तो १ ते ५ असा ठरतो. आणि हेही विचारा: नळीने गुंता पूर्ण बंद करणार, की ही फक्त पुढच्या शस्त्रक्रियेची तयारी? बहुतेकदा नुसत्या नळीने गुंता पूर्ण जात नाही.