ग्नावांची रात्र

मोरोक्कोंतील ग्नावा लोकांचें संगीत प्रवाशांच्या झुंडींनीं अशुद्ध करून टाकलें, अशी ओरड पाश्चात्त्य रसिकांत वारंवार ऐकूं येते. ही ओरड आम्हांस पोकळ वाटते. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांनीं आपलीं दैवतें व ताल इस्लामी संतांच्या स्तवनांत मिसळले, त्यांतून हें संगीत निपजलें. ज्याचा जन्मच मिश्रणांतून, त्याच्या सोंवळ्याची काळजी कोणीं वाहावी? गिंब्री हें तीन तांतींचें, उंटाचें कातडें मढविलेलें, खर्जांत बोलणारें वाद्य. त्याच्या शेजारीं कोणी जाझवाला सॅक्सोफोन घेऊन बसला, तर आकाश कोसळत नाहीं.

मग बिघडलें काय? आमच्या मतें रात्र बिघडली. ग्नावांच्या मुख्य विधीस 'लीला' म्हणतात. वाचकांनीं आपल्या लीलेशीं गल्लत करूं नये, हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ रात्र असाच आहे. कोणी पीडलेला असावा, त्याच्यासाठीं घरांत मंडळी जमावी, एकेका रंगाचीं वस्त्रें व धूप बदलीत त्या त्या रंगाच्या देवतांस पाचारण व्हावें, आणि असें पहांटेपर्यंत चालावें. अंगांत आलेला शांत होईतों वादकास हात आवरतां येत नाहीं. या सर्वांवर हुकमत असते एका स्त्रीची, मोकद्देमेची. कोणास कोणती देवता झोंबली हें ती ओळखते. गिंब्री वाजविणारा उस्ताद, म्हणजे मालेम, त्या कामीं तिच्यावरच विसंबतो.

एस्सावीरा येथें १९९८ पासून भरणाऱ्या उत्सवांत मालेम मंचावर मध्यभागीं बसतो, लोखंडी चिपळ्या वाजविणारे उड्या घेतात. मोकद्देमा मात्र सहसा दिसत नाहीं. ती येऊन करील काय? तेथें पीडलेला नाहीं, आणि पुढचा ताफा खोळंबलेला! २०१९ सालीं युनेस्कोनें या कलेस आपल्या यादींत स्थान दिलें, तेंही आतां जाहिरातीच्या कामीं येतें.

एके काळीं हिणविल्या गेलेल्या या वादकांस उत्सवानें मान व भाकर दिली, हें आम्ही नाकारीत नाहीं. कासाब्लांकाची अस्मा हमझावी बापापासून गिंब्री शिकून अशाच मंचांवर वाजवूं लागली, हीही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु ती मालेमची जागा. मोकद्देमेची जागा रिकामीच आहे. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनीं सॅक्सोफोनवर तुटून पडण्यापूर्वीं तिची विचारपूस कां केली नाहीं, एवढें त्यांनीं आम्हांस सांगावें.