बिघडलेली डिस्क : घाई नको, नक्कल हवी

भद्रावतीच्या विजासन टेकडीतील लेणी शतकानुशतके टिकली. पण शाळेच्या सहलीत घेतलेली त्यांची छायाचित्रे हार्ड डिस्क हातातून पडताच नाहीशी होऊ शकतात. असे का व्हावे?

डिस्कमधील चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा अधिक फेरे घेतात. माहिती वाचणारे शीर्ष त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. धुळीचा कण या फटीपेक्षा कितीतरी मोठा! म्हणून घरी डिस्क उघडणे म्हणजे उरलीसुरली माहितीही गमावणे होय.

मग कमी खर्चात काय करावे? प्रथम दोष ओळखावा. डिस्क चालूच होत नसेल, तर केबल बदलून, दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. फिरते पण वाचताना अडखळते, तर ‘डीडीरेस्क्यू’ या मोफत प्रणालीने तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि फायलींचा शोध त्या नकलेतच घ्यावा. मात्र टकटक आवाज येऊ लागला, की तत्काळ वीज तोडावी. येथून पुढचे काम धूळमुक्त कक्षातील तज्ज्ञांचे, आणि ते महागच.

म्हणून आमचे मत असे, की प्रत्येक शाळेने दोन डिस्क घ्याव्यात व दुसरी वेगळ्या इमारतीत ठेवावी. शिक्षकांच्या देखरेखीखाली दरमहा नक्कल करण्याचे काम, विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीच अंगावर घ्या. लेणे पुन्हा कोरता येत नाही. माहितीची नक्कल मात्र काही मिनिटांत होते. ही सोय असताना माहिती गमावणे हा निष्काळजीपणाच ठरेल.