पेढीचा हिशोब चोख, हृदयाचा कधी?

आम्ही कापडवाले रोज शेकडो मीटर माल मोजतो, उधारीची पै-पै लिहून ठेवतो, रमजानात जकातीचा हिशोब चोख करतो. पण ज्या हृदयाच्या बळावर हा सारा कारभार चालतो, त्याचा हिशोब पाहत नाही.

मालेगाव असो वा भिवंडी, पन्नाशीतला माणूस अचानक गेला की बाजारात एकच वाक्य ऐकू येते, "चांगला धडधाकट होता हो!" खरे तर आजार आदल्या रात्री आलेला नसतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या नळ्यांत चरबीचा थर वर्षानुवर्षे साचतो. तो फुटून रक्ताची गुठळी झाली की झटका येतो.

डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला 'इंटरहार्ट' अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आढळला. तंबाखू, रक्तातील बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनाचा ताण, फळे-भाज्या कमी आणि व्यायाम नाही, या त्यातल्या आपल्या कामाच्या. दक्षिण आशियातील लोकांना हा झटका साधारण ५३व्या वर्षी आला, इतरांना ५९च्या सुमारास.

आता आपला दिनक्रम पाहा. व्यापारी दिवसभर गादीवर बसून. चहावर चहा, सुताच्या भावाची आणि थकलेल्या बाकीची चिंता, रात्री उशिरा भरपेट जेवण. कारागीर बारा तास लूमवर उभा, पण जागे राहण्यासाठी तोंडात तंबाखू नाहीतर हातात बिडी. घरातील स्त्रियांची तपासणी तर कोणाला आठवतच नाही. पाळी गेल्यावर त्यांचाही धोका वाढतो.

काही बंधू म्हणतात, मौतेची वेळ ठरलेली आहे, तपासून काय होणार? मग गोदामाला कुलूप तरी का लावता? आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, हीच आपली शिकवण आहे.

आमची सूचना साधी आहे. दरवर्षी शाबानमध्ये, जकातीच्या हिशोबाआधी, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासून घ्यावी. रक्तदाब १४०/९० किंवा साखर १२६ यांच्या वर निघाली तर डॉक्टरांना गाठावे. रोजे आणि गोळ्यांच्या वेळाही त्यांनाच विचाराव्यात. दुकानातली टेप एकदा स्वतःच्या पोटाभोवती लावावी. पुरुषाचे पोट ९० सेंटीमीटरच्या व स्त्रीचे ८०च्या पुढे गेले तर तो इशारा समजावा. छातीत दाब, घाम, दम लागला तर गॅस समजून घरी बसू नये, ताबडतोब इस्पितळ गाठावे.

लूममालकांनी कारागिरांची तपासणी स्वखर्चाने करावी. हे उपकार नव्हेत. ज्याच्या घामावर आपली पेढी चालते, त्याचा तो हक्क आहे.

बुडालेली बाकी पुढच्या हंगामात भरून निघते. घरचा कर्ता गेला तर मुलांची शाळा सुटते, लूम विकावा लागतो. अल्लाह आपल्याला वेळीच शहाणपण देवो. आमीन.