मरणाचें सोंग आणतां येत नाहीं

नोकर आजारी पडून घरीं राहिला, कीं धन्यास प्रथम त्याच्या दुखण्याची नव्हे, तर त्याच्या प्रामाणिकपणाची शंका येते. ‘रजा दिली कीं आळस वाढतो’ हें वाक्य आमच्या बाजारपेठांत सुभाषितासारखें चालतें. परंतु या प्रश्नाचा निकाल केवळ तर्कानें लावण्याचें आतां कारण नाहीं. पुरावा उपलब्ध आहे.

लंडनमध्यें व्हाइटहॉल येथील सरकारी कचेऱ्यांतील नोकरांच्या प्रकृतीची पाहणी १९६७ सालीं सुरू झाली. १९८५ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणींत १०,३०८ नोकर होते. तींत असें आढळलें कीं, सर्वांत खालच्या श्रेणींतील पुरुषांच्या आजारपणाच्या रजेचें प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सहापट आहे. ‘पाहा, आम्ही म्हणत होतों तेंच!’ असें आमचे व्यापारी बंधु म्हणतील. त्यांनीं क्षणभर थांबावें. पहिल्या पाहणींत खालच्या श्रेणीचें मृत्यूचें प्रमाणही वरिष्ठांच्या सुमारें तिप्पट निघालें होतें. पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. मरणाचेंही आणतां येत नाहीं.

हे लोक उपाशी नव्हते, बेकारही नव्हते. धूम्रपान, रक्तदाब इत्यादि कारणांनीं हा फरक अंशतःच उलगडला. ज्यास आपल्या कामांत स्वतःचें कांहींच चालवितां येत नाहीं, त्यास हृद्रोगाचा धोका अधिक, असें डॉ. मायकेल मार्मट व त्यांचे सहकारी यांस दिसून आलें.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानें उभारलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेंत आजारी कामगारास वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. परंतु ती सामान्यतः दहा किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणींच सक्तीची आहे. चार नोकरांच्या दुकानांतला गडी तापानें फणफणला, तर त्याच्या नांवें खाडा पडतो. मोठ्या अधिकाऱ्यास भरपगारी रजा, आणि ज्याचें शरीर अधिक झिजतें त्यास खाडा! यास न्याय म्हणतां येईल काय? हा शहाणा व्यवहारही नव्हे. अंगावर काढलेलें दुखणें चार दिवसांचें महिन्यावर जातें.

ही सक्ती लहान दुकानांपर्यंत न्यावी, असें आमचें सरकारास सांगणें आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहावी? पेठेंतील व्यापाऱ्यांनीं एकत्र बसून भरपगारी आजारी रजेचा ठराव करावा. एकट्यास भार जड वाटल्यास वर्गणीनें सामाईक निधि उभारावा. विमा म्हणजे तरी याहून निराळें काय आहे? पोळ्याच्या दिवशीं आपण बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. माणसास निदान तापाच्या दिवशीं तरी तितकी सवलत मिळावी!