मैत्रिणीला भेटायला कराडला

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिलं. आजारपणामुळे त्या तेव्हा माहेरी होत्या, सातारा जिल्ह्यातल्या नायगावला. भावानं आपली किती शुश्रूषा केली ते पत्रात आहे, त्याच भावाशी झालेला वादही आहे. आणि या सगळ्यात एक वाक्य फातिमाचं आहे. मी इकडे पडून आहे, तिकडे फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं. तेवढं सांगून पत्र पुढे सरकतं.

मी मात्र दर वेळी तिथंच थांबते. अंथरुणावर पडलेल्या बाईच्या डोक्यात पुण्यातली शाळा आहे आणि त्या शाळेत आपल्या वाटणीचं कामही ओढणारी मैत्रीण आहे. वडिलांच्या घरातून बाहेर पडावं लागलेल्या फुले पतिपत्नींना गंज पेठेतल्या ज्या उस्मान शेखांनी आसरा दिला, त्यांच्याच घरातली ही फातिमा. सावित्रीबाई तिचं कौतुक करत नाहीत, आभार मानत नाहीत. ती कुरकुर करणार नाही एवढंच सांगतात, आणि ते खात्रीनं सांगतात. अशी खात्री सोबत शेण-दगड झेललेल्या बाईबद्दलच असू शकते.

आपल्याकडच्या कागदपत्रांत मैत्रिणीच्या वाट्याला एवढंच येतं, फार तर एक वाक्य. आई, सासू, नणंद, जाऊ, सगळ्यांना जागा आहे, सगळ्यांचे सण आहेत, मानपान आहेत. मैत्रिणीला लग्नाच्या आहेराच्या यादीतसुद्धा शेवटी धरतात. पुरुषाची मैत्री गावातच राहते. ज्या पारावर तो पोरवयात बसला, त्याच पारावर साठीतही त्याच सोबत्यांबरोबर बसतो. बाईला गाव सोडावं लागतं. लग्न झालं की पहिल्या वर्षी माहेरपणाला दोघी एका वेळी आल्या तर भेट होते, पुढे एकीचा पंचमीला येण्याचा आणि दुसरीचा दिवाळीला येण्याचा मेळ बसत नाही आणि जिवाभावाची सोबतीण हळूहळू ‘ती काय करते गं हल्ली?’ एवढ्या चौकशीवर येऊन थांबते. हे होऊ नये म्हणून ज्या बायका धडपडतात, त्यांच्या धडपडीची नोंद कुठंच होत नाही. म्हणून आज माझ्या आईबद्दल आणि तिच्या मैत्रिणीबद्दल लिहिते आहे.

दोघी भेटल्या साताऱ्यात, १९६०च्या दशकात, अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहात. आई वाळवा तालुक्यातली, तिची ही मैत्रीण, म्हणजे आमची मावशी, कोरेगावकडची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृहांची जी परंपरा घातली, तिच्यामुळे आपल्या भागात एक मोठी गोष्ट झाली. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या जातींतल्या मुली एका पंगतीला जेवू लागल्या, एका खोलीत झोपू लागल्या. त्याआधी मुलीच्या सोबतिणी म्हणजे आळीतल्या, भावकीतल्या, ज्या आपसूक मिळतात त्या. निवडून केलेली मैत्रीण मिळायला शाळा लागली, वसतिगृह लागलं. सावित्रीबाई-फातिमांच्या वेळेपासून हे असंच आहे.

दोघी अजून एकमेकींना माहेरच्या आडनावानं हाक मारतात. हजेरीत तेच नाव पुकारलं जायचं, तीच सवय राहिली. बाकी सगळ्या जगानं ती आडनावं कधीच पुसून टाकली. रेशनकार्डावर नाहीत, पेन्शनच्या कागदावर नाहीत. मावशी फोनवर आईला त्या नावानं हाक मारते तेव्हा आईचा आवाज बदलतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

शिक्षण झालं, लग्नं झाली. आई सांगलीत दिली, मावशी साताऱ्यातच राहिली. खरं तर दोघींची माहेरची गावं पूर्वी एकाच जिल्ह्यातली. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर-दक्षिण असे भाग पडले आणि दक्षिण साताऱ्याचं १९६० साली सांगली असं नामकरण झालं. ही झाली इतिहासाच्या पुस्तकातली नोंद. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि मास्तरणींच्या नोकऱ्या जिल्ह्याजिल्ह्यात बांधल्या गेल्या. एक सांगली झेडपीची, दुसरी सातारा झेडपीची. एका शाळेत काम करायचं वसतिगृहात ठरवलेलं होतं, ते तिथंच राहिलं.

मग त्यांनी कराड शोधलं. साताऱ्याहून पन्नासेक किलोमीटर, सांगलीहून सत्तरच्या आसपास. महिना-दोन महिन्यांतून एका रविवारी दोघी सकाळची एसटी धरून कराड स्टँडवर उतरायच्या. आईला लांबचा पल्ला पडायचा. ‘तुझं तिकीट जास्त, तर माझा डबा मोठा,’ असा मावशीचा हिशोब असे. आई हळद आणि बेदाणे घेऊन जायची. मावशीच्या पिशवीतून कंदी पेढे आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा निघायचा. स्टँडवरून चालत प्रीतिसंगमावर जायचं, जिथं कोयना कृष्णेला मिळते. तिथल्या बागेत झाडाखाली सतरंजी टाकायची आणि दुपारचे चार वाजेपर्यंत बोलायचं. या दिवसासाठी घरी काय कारण सांगायचं, हा प्रश्न दर वेळी असे. शिक्षक संघटनेची बैठक, पुस्तकं आणायची आहेत, कुणाचं तरी डोहाळजेवण. ‘मैत्रिणीला भेटायला कराडला चालले’ हे कारण म्हणून चालत नव्हतं. मला त्याचा आजही राग येतो. नवऱ्याचे मित्र रोज ओट्यावर बसलेले चालत होते.

मला काही वेळा बरोबर नेलेलं आठवतं. ‘जा, पाण्यात पाय नको घालू, काठावर खेळ’ असं सांगून लांब पाठवायच्या. अशाच एका रविवारी आई रडत होती. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी घरात फार त्रास झाला होता, मूल सांभाळायला कुणी तयार नव्हतं आणि नोकरी सोड म्हणून सगळ्यांनी धरून बसवलं होतं. आईनं राजीनामा लिहून, सही करून पर्समध्ये घातला होता. सोमवारी मुख्याध्यापकांकडे द्यायचा. मावशीनं तो वाचला, चारी घड्या घातल्या आणि आपल्या पिशवीत ठेवला. म्हणाली, ‘माझ्याकडं राहू दे. महिनाभरानं माग. मागितलास तर देईन, बोलणार नाही एक शब्द.’ घरी आल्यावर आईनं सांगितलं, राजीनामा अजून दिला नाही, देते. महिना गेला, वर्ष गेलं. आईनं तो कागद कधी मागितला नाही. ती पदवीधर शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. आमच्या दोघा भावंडांची शिक्षणं त्या पगारावर झाली. राजीनामा देऊ नकोस, असं मावशी म्हणालीच नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. उपदेश करणारे घरात पुष्कळ होते. तिनं फक्त मुदत मिळवून दिली.

सांगलीहून कराडला जाणारा हा रस्ता मी पुढे नोकरीनिमित्त किती वेळा केला असेल. या रस्त्याला बायकांची मोठी परंपरा आहे, ती पाटीवर लिहिलेली नाही एवढंच. वाटेत आष्टा लागतं, ते काशीबाई कानिटकरांचं. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. त्यांचं चरित्र काशीबाईंनी लिहिलं. एका बाईचं आयुष्य दुसऱ्या बाईनं कागदावर टिकवलं. कराडच्या पूर्वेला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना ठाऊक. त्याच गावात १८६२ साली रमाबाई रानडे जन्मल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा ही देवराष्ट्र्याची मुलगी त्यांच्या सभांना जायची आणि परत येऊन घरातल्या बायकांची बोलणी खायची. बोलणी खाऊनही जायची.

याच वाटेवरच्या पेठ नाक्याच्या अलीकडे-पलीकडे आणखी दोन मुक्काम आहेत. आष्ट्याजवळची बागणी हे सरोजिनी बाबरांचं गाव. बायकांच्या ओव्या, उखाणे, भोंडल्याची गाणी त्यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा करून छापून ठेवली. दूरदर्शनवरच्या ‘रानजाई’मध्ये त्या आणि शांता शेळके शेजारी बसून लोकगीतांवर बोलायच्या. आमच्या घरी त्या वेळी स्वयंपाक लवकर उरकलेला असे. दोन जाणत्या बायका एकमेकींशी रंगून बोलताहेत आणि अख्खा महाराष्ट्र ऐकतोय, हे दृश्य तोवर आम्ही पाहिलेलंच नव्हतं. नाक्याच्या पलीकडे, कराडच्या वाटेवर कासेगाव. इंदूताई पाटणकर मूळच्या साताऱ्याकडच्या इंदोलीच्या. बेचाळीसच्या चळवळीत त्या सोळा-सतरा वर्षांच्या वयात घर सोडून निघाल्या. पुढे कासेगावच्या झाल्या. १९५२ साली पती बाबूजींचा खून झाला, पण त्या हटल्या नाहीत. त्यांची सून गेल ऑम्व्हेट अमेरिकेतल्या मिनिआपोलिसची. सासू-सुना दोघी परित्यक्ता बायकांच्या हक्कांसाठी खांद्याला खांदा लावून लढल्या. सासू-सून या नात्यालासुद्धा मैत्रीत बदलता येतं, याचा एवढा ठळक दाखला आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपण तो पोरींना सांगत नाही.

रस्त्याचं झालं, आता पाण्याचं. कोयना धरण साताऱ्यात, पाटण तालुक्यात. तिथं दरवाजे उचलले की पाणी कराडला कृष्णेत येतं आणि पुढे सांगलीत. पावसाळ्यात आमच्या घरी पहिला फोन मावशीचा असतो. ‘सोडलंय गं. पेपरात इतके इतके क्युसेक दिलेत. खालचं सामान वर घे.’ साताऱ्यात बसून ती सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी आमच्यापेक्षा बारकाईनं बघते. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका, हे आकडे तिला तोंडपाठ आहेत. २००५चा पूर तिनं असाच फोनवर काढला होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं तळमजल्याचं घर छतापर्यंत बुडालं. आईला आम्ही आधीच सांगलीतल्याच विश्रामबागेत नातेवाइकांकडे हलवलं होतं. पण घाईत दोन साड्या आणि औषधं एवढंच घेतलं. पाणी उतरल्यावर आत जाऊन पाहिलं तर कपाटं पालथी झालेली, सगळ्यावर चिखलाचा थर आणि सहन न होणारा वास. मदतीचा ओघ चांगला होता, महाराष्ट्रभरातून माणसं आली. साड्या तर ढिगानं आल्या. पण साडीबरोबर ब्लाउज लागतो आणि तो मापाचा लागतो, हे कुणाच्या लक्षात येणार! सत्तरी ओलांडलेली माझी आई, उभा जन्म नीटनेटक्या साडीत वर्गावर उभी राहिलेली, चार दिवस त्याच दोन ब्लाउजांवर होती आणि त्याबद्दल ती कुणाशी बोललीही नाही.

रस्ता सुरू झाल्याबरोबर मावशी आली. मुलगा गाडी चालवत होता, मागे फिनेल, ब्लीचिंग पावडर, खराटे, पाण्याची पिंपं. आणि तिच्या मांडीवर एक पिशवी. तीत ब्लाउज होते. पांढरा, काळा, मोतिया, मरून, असे कुठल्याही साडीवर चालतील ते रंग. साताऱ्यातल्या तिच्या शिंप्याकडून तिनं ते रात्रीत शिवून घेतले होते. माप तिच्या डोक्यातच होतं, कारण वसतिगृहात एकमेकींचे ब्लाउज दोघी हातानं शिवत आणि पुढे दर दिवाळीला एकमेकींसाठी शिवून घेत. परकरही होते, नाडी ओवलेले. आई आतल्या खोलीत जाऊन एक घालून आली. बाही जरा घट्ट झालीय म्हणाली. मावशीनं उसवून पाहिलं, आत शिल्लक कापड सोडलेलं होतं. तिथंच सुई-दोरा काढून तिनं शिवण सैल करून दिली. चिखल उपसायच्या आधी हे काम झालं.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. त्यावर टीका करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा सकाळी सांगली स्टँडवर उभं राहून बघावं, नऊवारीतल्या, पाचवारीतल्या किती बायका कुठे कुठे निघालेल्या असतात आणि त्यांतल्या किती कुठल्याही कार्याला, मयताला किंवा दवाखान्याला नाही, तर नुसत्या कुणाला तरी भेटायला निघालेल्या असतात. या दोघींना पंचाहत्तरी झाल्यापासून प्रवास फुकटच आहे. तरीही त्या कराडलाच भेटतात. घरी भेटायला आता कुणाची आडकाठी नाही. पण घरात चहा करायला उठावं लागतं, संगमावर नाही, असं आईचं म्हणणं. आणि आता कारण खरं सांगून निघते.

गेल्या वर्षी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात फॉर्म भरताना सोबत राहणाऱ्याचं नाव विचारलं, आईनं स्वतःचं सांगितलं. नातं विचारलं, तर म्हणाली, मैत्रीण. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, तसं चालत नाही आजी, रक्ताचं किंवा लग्नाचं नातं लागतं, पेशंटचा मुलगा आहे ना, त्याला बोलवा. मावशीच्या मुलानं सही केली. मावशीला थिएटरमधून बाहेर आणल्यावर रात्री खाटेपाशी राहायचा एकच पास मिळाला, तो त्याच्या हातात होता. मावशीची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तो हिला दे आणि तू घरी जाऊन झोप.’ त्यानं पास आईला दिला. टाके निघेपर्यंत आई साताऱ्यातच होती.